डोंगराळ शेतीत लहान ट्रॅक्टरास पकड-पंजा : निवड आणि जोडणी

भाताची कापणी व मळणी उरकली म्हणजे हरसूल परिसरातील शेतकऱ्याचे काम संपले, असे होत नाही. पावसाने उघडे पडलेले दगड नागली-वरईच्या वरकस जमिनीतून वेचावयाचे असतात. बांधावर व माळावर माजलेली टणटणी काढावयाची असते. कुंपणासाठी काटेरी फांद्या, घरासाठी व विक्रीसाठी बांबू, गुरांसाठी पेंढा, राबासाठी पालापाचोळा अशी कितीतरी ओझी पुढील पावसाळ्यापूर्वी एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यावी लागतात. याच महिन्यांत अनेक घरांतील तरुण माणसे नाशिक, दिंडोरी, निफाड या भागांत द्राक्षबागांच्या कामासाठी गेलेली असतात. मागे राहिलेल्या स्त्रिया व वृद्ध माणसे ही ओझी डोक्यावरून वाहतात.

अलीकडे या भागातही पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टर दिसू लागले आहेत. त्यांना नांगर, रोटाव्हेटर व ट्रॉली जोडली जाते. उचलण्याच्या कामासाठी ट्रॅक्टरला जोडावयाचे आणखी एक साधन म्हणजे पकड-पंजा होय. इंग्रजीतील ग्रॅपल या नावानेही ते ओळखले जाते. ऊस पिकविणाऱ्या भागात ट्रॉलीत ऊस भरणारा ग्रॅबर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या साधनाची कल्पना सहज येईल. तेथील यंत्र मोठ्या ट्रॅक्टरवर व सपाट जमिनीवर चालते. हरसूलची जमीन पायऱ्यापायऱ्यांची व उताराची आहे आणि येथील ट्रॅक्टर लहान आहेत. त्यामुळे तेथे उपयोगी पडलेले साधन येथे जसेच्या तसे आणून चालणार नाही. पंजाची निवड करताना व तो जोडताना कोणता विचार करावा, हे या लेखात सांगितले आहे.

पंजा म्हणजे काय

पकड-पंजाचे दोन मुख्य भाग असतात. खालचा भाग दात्यांचा किंवा पट्ट्यांचा असून तो ओझ्याखाली सरकतो. वरचा भाग बिजागरीवर फिरतो व तेलाच्या दाबाने चालणाऱ्या सिलेंडरमुळे खाली येऊन ओझे दाबून धरतो. साध्या बकेटमध्ये माती, शेणखत किंवा वाळू राहते. परंतु फांद्या, बांबू व टणटणीचे जाळे तिच्यातून घसरून पडते. अशा अस्ताव्यस्त ओझ्यासाठी पंजा अधिक सोयीचा असतो.

पंजाचा आणखी एक लाभ आहे. दगडांच्या ढिगात व वाळलेल्या काटक्यांत फुरसे, विंचू यांचा आसरा असतो. हाताने ढीग उपसताना दंश होण्याचे प्रसंग येतात. पंजाने ढीग हलविल्यास हात दूर राहतात. तथापि पंजाला जसे लाभ आहेत, तसे धोकेही आहेत, आणि ते मुख्यतः ओझ्याच्या वजनातून उद्भवतात.

प्रथम काम ठरवावे, नंतर पंजा

पंजाचे अनेक प्रकार आहेत. कोणता प्रकार घ्यावा हे कामावरून ठरवावे.

काटक्या, टणटणी व कुंपणाच्या फांद्या यांसाठी लांब व विरळ दात्यांचा पंजा उपयुक्त असतो. ओझे आकाराने मोठे, परंतु वजनाने हलके असल्याने तो हलक्या बांधणीचा असला तरी चालतो.

दगड वेचण्यासाठी खालचे दाते जाड व जवळजवळ असावेत. दोन दात्यांतील फट सुमारे ७ ते १० सेंटिमीटर असल्यास माती खाली गळते व दगड वर राहतात. दगडाबरोबर शेतातील कसदार माती वाहून नेली जाऊ नये, यासाठी ही फट महत्त्वाची आहे. वेचलेले दगड फेकून न देता उताराला आडव्या दगडी बांधासाठी वापरावेत.

बांबू व ओंडके यांसाठी चिमट्यासारखा दोन जबड्यांचा पंजा बरा. लांब ओझे मधोमध पकडावे. एका टोकाशी पकडल्यास दुसरे टोक जमिनीला किंवा बांधाला अडकते व ट्रॅक्टर एका बाजूस ओढला जातो.

रुंदीबाबत मोह टाळावा. पंजा जितका रुंद, तितके त्याचे स्वतःचे वजन अधिक. जे वजन पंजातच खर्ची पडते, तेवढे ओझे कमी उचलता येते. ट्रॅक्टरच्या चाकांच्या बाहेरील रुंदीएवढा पंजा पुरेसा असतो. द्राक्षबागेत छाटणीनंतरच्या काड्या गोळा करण्यासाठी ट्रॅक्टर भाड्याने देण्याचा विचार असेल, तर बागेच्या दोन ओळींतील अंतर मोजून मगच रुंदी ठरवावी.

पंजाची पकड आणि ट्रॅक्टरची उचल

विक्रेते पंजाच्या पकडीचे कौतुक सांगतात. पकड खरोखरच मोठी असते. परंतु खरेदीचा निर्णय तिच्यावर अवलंबून ठेवू नये. याचा हिशेब सोपा आहे.

सिलेंडरचा आतील व्यास ५ सेंटिमीटर असेल, तर त्याच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर होते. तेलाचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला १५० किलो असल्यास सिलेंडर सुमारे २,९०० किलो जोराने रेटतो. सिलेंडर बिजागरीपासून १५ सेंटिमीटरवर व दात्याचे टोक ६० सेंटिमीटरवर असेल, तर तरफेच्या नियमाने टोकाशी त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ७३० किलो जोर राहतो. एवढ्या जोराने पकडलेला दगड सहसा सुटत नाही. मात्र तो दगड ट्रॅक्टरला पेलेल की नाही, हे या आकड्यावरून कळत नाही.

हरसूलच्या डोंगरातील काळा दगड जड असतो. त्याच्या एका घनमीटरचे वजन सुमारे २,८०० किलो भरते. या हिशेबाने प्रत्येक बाजू ३० सेंटिमीटर असलेला चौकोनी दगड सुमारे ७५ किलोचा, ४० सेंटिमीटरचा सुमारे १८० किलोचा व ५० सेंटिमीटरचा ३५० किलोचा होतो. बाजू थोडी वाढली की वजन कितीतरी पटींनी वाढते. डोळ्यांना सारखेच भासणारे दोन दगड वजनाने दुप्पट-तिप्पट असू शकतात. पंजा दोन्ही सारख्याच सहजतेने पकडतो. चालकाची फसगत येथेच होते.

ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात उचलण्याची क्षमता किलोमध्ये दिलेली असते. तो आकडा बहुधा मागील दोन खालच्या दांड्यांच्या टोकाशी मोजलेला असतो. ओझे त्या टोकापासून जितके मागे जाईल, तितकी प्रत्यक्ष क्षमता घटते. पंजा स्वतः मागे पसरलेला असतो व ओझे त्याच्याही टोकाशी असते. म्हणून माहितीपत्रकातील पूर्ण आकडा पंजासाठी कधीही गृहीत धरू नये.

मागे जोडावा की पुढे

पंजा जोडण्याच्या दोन रीती आहेत. एक, ट्रॅक्टरच्या मागील त्रिबिंदू सांधणीवर. दुसरी, पुढे लोडरचा सांगाडा बसवून त्याच्या टोकाशी. दोहोंतील फरक समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ.

समजा, ट्रॅक्टरचे वजन ८०० किलो आहे, पुढील व मागील आसांतील अंतर दीड मीटर आहे आणि वजनापैकी ३२० किलो पुढील चाकांवर व ४८० किलो मागील चाकांवर आहे.

मागे जोडणी केली व पंजासह ओझे १५० किलो झाले, आणि त्याचा भार मागील आसापासून १.२ मीटर मागे पडला, तर पुढील चाकांवरील भार १२० किलोंनी घटून २०० किलो राहतो. ओझे २५० किलो झाल्यास पुढील भार १२० किलोच उरतो. ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढील चाकांवर असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. येथे तो १६० किलो होतो. म्हणजे पहिले ओझे चालेल, दुसरे चालणार नाही. दुसऱ्या ओझ्याने सुकाणू हलके पडेल, चढावर पुढील चाके उचलली जातील व ट्रॅक्टर वळविलेल्या दिशेस जाणार नाही.

आता पुढील जोडणी पाहू. पंजा व ओझे मिळून २०० किलो आहेत व ते पुढील आसाच्या १.२ मीटर पुढे आहेत असे धरू. तरफेच्या नियमाने मागील चाकांवरील भार १६० किलोंनी घटून ३२० किलो होतो व पुढील चाकांवरील भार ६८० किलोंवर जातो, म्हणजे मूळ भाराच्या दुपटीहून अधिक. लोडरच्या सांगाड्याचे वजन यात धरलेले नाही. ते धरल्यास आकडा आणखी वाढेल. लहान ट्रॅक्टरचा पुढील आस, त्याची बेअरिंगे व टायर एवढ्या भारासाठी बनविलेले आहेत काय, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहिल्याशिवाय पुढील लोडर घेऊ नये.

तथापि आस टिकला तरी प्रश्न संपत नाही. ट्रॅक्टरचा पुढील आस मधोमध एका खिळीवर झुलता असतो. त्यामुळे उंचसखल जमिनीवर चारही चाके टेकलेली राहतात. परंतु त्याचा परिणाम असाही होतो की, बाजूस कलंडताना ट्रॅक्टर चार पायांच्या खाटेसारखा न राहता तीन पायांच्या तिवईसारखा उभा असतो. दोन पाय मागील चाके व तिसरा पाय पुढील खिळी. ही तिवई मागे रुंद व पुढे निमुळती असते. भार जसा पुढे सरकतो, तसा तो निमुळत्या भागाकडे जातो.

वरील उदाहरणात मागील चाकांच्या मध्यांतील अंतर ९० सेंटिमीटर धरल्यास, रिकाम्या ट्रॅक्टरच्या गुरुत्वमध्याला प्रत्येक बाजूस सुमारे २७ सेंटिमीटर आधार मिळतो. पुढे २०० किलो ओझे आल्यावर तो आधार सुमारे १४ सेंटिमीटरच राहतो. म्हणजे ओझे जमिनीपासून थोडेच वर असले तरी बाजूचा आधार अर्ध्यावर येतो. त्यातच पंजा उंच उचलला, तर गुरुत्वमध्यही वर चढतो. अशा वेळी एका चाकाखाली दगड आला किंवा दुसरे चाक खळग्यात गेले, तर ट्रॅक्टर उलटण्यास फारसे काही लागत नाही.

हा दोष कमी करण्याचा उपाय म्हणजे मागे प्रतिभार बांधणे. त्याच उदाहरणात मागील आसाच्या ८० सेंटिमीटर मागे १५० किलो वजन बांधले, तर पुढील भार ६८० वरून ६०० किलोंवर येतो, मागील भार ५५० किलो होतो व बाजूचा आधार पुन्हा सुमारे २२ सेंटिमीटर मिळतो. हे वजन गावातच तयार करता येते. ५० सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद व २५ सेंटिमीटर जाड सिमेंट काँक्रीटचा ठोकळा सुमारे १५० किलो भरतो. ओतकाम करतानाच त्यात सांधणीच्या पिना बसतील असा लोखंडी सांगाडा पक्का करावा. मागील टायरांत पाणी भरण्याची सोय असल्यास तेही उपयोगी पडते, कारण ते वजन खाली राहते.

या सर्व विचारावरून हरसूलसारख्या भागासाठी असा निष्कर्ष निघतो की, लहान ट्रॅक्टरला मागे जोडावयाचा हलका पंजा ही पहिली पसंती असावी. तो जमिनीलगत नेता येतो, लोडरच्या सांगाड्याचे वजन वाचते व काम संपताच काढून ठेवता येतो. पुढील लोडरवरील पंजा केवळ सपाट खळ्यावर, गोठ्याच्या आवारात किंवा बागेतील समतल जागी, आणि तोही मागे प्रतिभार बांधूनच वापरावा.

तेलाची व्यवस्था

पंजा उघडण्या-मिटण्यासाठी दाबाखालील तेल लागते. अनेक लहान ट्रॅक्टरांत मागील दांडे वर-खाली करण्याची सोय असते. परंतु बाहेरील सिलेंडरला तेल देण्याची स्वतंत्र तोटी नसते. खरेदीपूर्वी ही गोष्ट प्रत्यक्ष पाहून खात्री करावी. पंजाला दोन्ही बाजूंनी तेल देणारा व्हॉल्व्ह व दोन होज पाईप लागतात. असा व्हॉल्व्ह उत्पादकाने त्या ट्रॅक्टरसाठी पुरविलेला असल्यास तोच बसवावा.

पंपाचा प्रवाह फार मोठा असण्याची गरज नाही. ५ सेंटिमीटर व्यासाचा व २५ सेंटिमीटर धाव असलेला सिलेंडर भरण्यास सुमारे अर्धा लिटर तेल लागते. पंप मिनिटाला १५ लिटर तेल देत असेल, तर पंजा सुमारे दोन सेकंदांत मिटतो. यापेक्षा वेगाने मिटणारा पंजा सोयीचा नसून धोक्याचा आहे.

ओझे उचलले जात नाही म्हणून दाबाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह आवळण्याची चूक कित्येक ठिकाणी होते. हा व्हॉल्व्ह पंप, पाईप व सिलेंडर यांचे रक्षण करतो. तो आवळल्याने ट्रॅक्टरचे वजन वाढत नाही. केवळ पाईप फुटण्याची व ट्रॅक्टर उलटण्याची शक्यता वाढते. ओझे उचलत नसेल तर ओझे कमी करावे, हाच योग्य मार्ग होय.

पंजाच्या सिलेंडरवर तेल अडवून धरणारा व्हॉल्व्ह असल्यास होज फुटला तरी पकड सुटत नाही. थोडा खर्च अधिक झाला तरी असा पंजा घ्यावा.

जोडणीचा क्रम

त्रिबिंदू सांधणी आज सर्वत्र रूढ आहे. हॅरी फर्ग्युसन यांनी ती विकसित केली व १९३६ मध्ये फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टरबरोबर ती शेतकऱ्यांच्या हाती आली. अवजार अडकले असता ट्रॅक्टर मागे उलटू नये व अवजाराचा भार चाकांवर येऊन पकड वाढावी, हा तिचा हेतू होता. वरचा दांडा योग्य जागी व योग्य लांबीचा ठेवला तरच हा हेतू साधतो. म्हणून तो काढून साखळीने काम भागविणे सर्वथा चुकीचे आहे.

जोडणी पुढील क्रमाने करावी.

१. ट्रॅक्टर व पंजा दोन्ही समतल, टणक जागेवर उभे करावेत. हातब्रेक लावावा व चाकांना दगड लावावेत.

२. पिनांचा व्यास तपासावा. लहान ट्रॅक्टरांच्या सांधणीत बहुधा पहिल्या वर्गाच्या पिना असतात. खालील पिना २२ मिलिमीटरच्या व वरची १९ मिलिमीटरची असते. भोक मोठे व पिन बारीक असल्यास तार किंवा बारीक खिळा ठोकून भागवू नये; योग्य बुश बसवावा.

३. प्रथम एका बाजूचा खालचा दांडा, नंतर दुसऱ्या बाजूचा व शेवटी वरचा दांडा जोडावा. प्रत्येक पिनेला तिची अडक-पिन लावावी. ट्रॅक्टर सुरू असताना ट्रॅक्टर व पंजा यांच्यामध्ये कोणीही उभे राहू नये.

४. दोन्ही खालचे दांडे सारख्या उंचीवर आणावेत. बाजूच्या साखळ्या अशा ताणाव्यात की पंजा डावी-उजवीकडे झुलणार नाही. झुलते ओझे उतारावर विशेष धोक्याचे असते.

५. होज जोडण्यापूर्वी इंजिन बंद करून व्हॉल्व्हचा दांडा दोन्ही बाजूंस हलवावा, म्हणजे उरलेला दाब निघून जाईल. जोडणीची तोंडे स्वच्छ फडक्याने पुसावीत. मातीचा एक कणही पंप व व्हॉल्व्ह झिजवितो.

६. होज टायर, सायलेन्सर, पी.टी.ओ.चा दांडा व बिजागरी यांपासून दूर न्यावा. पंजा पूर्ण उघडला व पूर्ण मिटला असता होज ताणला किंवा चेपला जात नाही, हे पाहावे.

७. पंजा रिकामा ठेवून आठ-दहा वेळा उघडावा व मिटावा. तेलाची पातळी पुन्हा पाहावी, कारण नवीन सिलेंडर व पाईप भरण्यात काही तेल जाते.

८. गळती शोधण्यासाठी होजवरून हात फिरवू नये. सुईएवढ्या छिद्रातून दाबाने निघणारे तेल कातडीत शिरते व हात गमावण्याची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावा. तेल कातडीत शिरल्याची शंका आल्यास जखम लहान दिसते म्हणून थांबू नये. ताबडतोब रुग्णालयात जावे.

९. पुढील लोडर बसवावयाचा झाल्यास उत्पादकाने दिलेल्या बोल्टांच्या जागाच वापराव्यात. आसाच्या किंवा गिअरपेटीच्या ओतीव भागास भोके पाडणे व वेल्डिंग करणे टाळावे. ओतीव लोखंड अशाने तडकते व तडा बराच काळ दिसतही नाही.

१०. पहिल्या दिवशी थोड्या वजनाने काम करावे. काही तासांनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत.

उतारावरील काम

पंजा उत्तम असला व जोडणी निर्दोष असली, तरी हरसूलच्या जमिनीत अखेरचा निर्णय उतारच करतो. दहा फुटांची सरळ काठी उताराच्या दिशेने समपातळीत धरावी व तिच्या खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. हे अंतर एक फुटाहून अधिक भरल्यास, सावधगिरीचा ठोकताळा म्हणून, त्या जागी पंजाचे काम करू नये. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत याहून कडक मर्यादा असल्यास तीच पाळावी.

उताराला आडवे न जाता सरळ वर किंवा सरळ खाली जावे. ओझ्याची बाजू शक्यतो चढाकडे ठेवावी. मागे ओझे असेल तर उतरताना पुढे तोंड करून उतरावे. पुढे ओझे असेल तर मागे-मागे उतरावे. उतारावर वळू नये. वळण समतल जागी घ्यावे. ओझे जमिनीपासून वीतभरच वर ठेवावे व उंच उचलणे केवळ ट्रॉलीत भरताना, ट्रॅक्टर थांबवून करावे.

भातखाचराच्या बांधाजवळ विशेष जपावे. बांध जितका उंच, निदान तितके अंतर त्याच्या कडेपासून ठेवावे. पावसाने भिजलेला बांध वरून धड दिसतो. परंतु चाकाच्या भाराने आतून खचतो. आषाढ-श्रावणातील पावसात पंजाचे काम करूच नये. ओल्या जमिनीत जड चाकांनी माती घट्ट होते व तिचे नुकसान पुढील हंगामात पिकाला भोगावे लागते. कापणीनंतर जमीन वाळल्यापासून मृगापूर्वीपर्यंतचा काळ या कामास योग्य आहे.

चालकाच्या डोक्यावर संरक्षक लोखंडी कमान असलेला ट्रॅक्टर घ्यावा. कमान उभी ठेवून आसनाचा पट्टा बांधावा. कमान नसल्यास किंवा दुमडलेली असल्यास पट्टा बांधू नये. पंजावर किंवा पंजात बसून कोणीही प्रवास करू नये. झाडावरील फांदी तोडण्यासाठी माणसाला पंजात उभे करण्याचा प्रयोग कदापि करू नये.

टणटणी काढताना मुळासकट उपटावी. वरवर तोडल्यास ती पुन्हा फुटते. फळे पिकण्यापूर्वी काढल्यास बी पसरत नाही. मुळाशी आलेली माती झटकून शेतातच सोडावी. बांधावरील उपयोगी झाडे पंजाने ओढून पाडू नयेत. कोणतेही झाड तोडण्यापूर्वी त्यास परवानगी लागते किंवा कसे, हे तलाठी किंवा वनखात्याच्या कर्मचाऱ्याकडे विचारून घ्यावे.

एकट्याने घ्यावा की मिळून

एका घराच्या शेतीत पंजाचे काम वर्षातून थोडेच दिवस निघते. उरलेले दिवस तो गोठ्यामागे गंजत पडतो. म्हणून गावातील गट, सहकारी संस्था किंवा अवजार बँक यांच्यामार्फत एक पंजा मिळून घेणे अधिक हिताचे आहे. मात्र तो ज्या ट्रॅक्टरांना जोडावयाचा, त्या सर्वांच्या पिना, व्हॉल्व्ह व वजन आधी तपासावे. एका ट्रॅक्टरला पेलणारा पंजा दुसऱ्याला पेलेलच असे नाही. कोणत्या ट्रॅक्टरने किती किलोपर्यंत ओझे उचलावे, हे पंजावरच रंगाने लिहून ठेवावे.

यांत्रिकीकरणास साहाय्य देण्यासाठी केंद्र शासनाने २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरण उपअभियान सुरू केले. अवजारांच्या अनुदानाचे अर्ज महाराष्ट्रात महाडीबीटी पोर्टलवरून घेतले जातात. कोणत्या वर्षी कोणत्या अवजारास अनुदान आहे, हे कृषी खात्याच्या कार्यालयातून पाहून घ्यावे व पूर्वसंमती मिळण्यापूर्वी खरेदी करू नये. अनुदान आहे म्हणून अवजार घेणे व अवजाराची गरज आहे म्हणून अनुदान घेणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

ट्रॅक्टरची शासकीय चाचणी मध्य प्रदेशातील बुदनी येथे होते. तेथील संस्थेची स्थापना १९५५ मध्ये झाली. चाचणीच्या अहवालात ट्रॅक्टरचे वजन, गुरुत्वमध्याची जागा व उचलण्याची क्षमता दिलेली असते. विक्रेत्याकडे हा अहवाल मागण्याचा शेतकऱ्याला संकोच वाटू नये. बैल घेताना दात पाहणारा शेतकरी ट्रॅक्टर घेताना अहवाल पाहतो, यात वावगे काही नाही. ज्यांना आकडे उलगडत नाहीत, त्यांना गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते उलगडून सांगावेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील व कृषी विज्ञान केंद्रांतील तज्ज्ञांकडूनही या कामी सल्ला घेता येतो.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पंजा घेऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्यासमवेत त्याच्या शेतात जाऊन पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत.

वर्षातून किती दिवस उचलण्याचे काम आहे व ते कोणत्या ओझ्याचे आहे? सर्वांत मोठ्या दगडाचे वजन किती? पंजाचे स्वतःचे वजन किती? दोन्ही मिळून पुढील चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा पाचवा हिस्सा उरतो काय? ट्रॅक्टरला बाहेर तेल देणारा व्हॉल्व्ह आहे काय? संरक्षक कमान आहे काय? शेतापर्यंतची वाट व शेतातील उतार किती? पंजा बिघडल्यास सिलेंडरचे सील व होज नाशिकला तरी मिळतील काय?

यांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर तूर्त पंजा न घेणेच शहाणपणाचे ठरेल. तीव्र उताराच्या शेतात दोन लाकडी ओंडक्यांवर फळ्या ठोकून केलेली घसरगाडी बैलांनी ओढून दगड व फांद्या वाहता येतात. ती जमिनीलगत असल्याने उलटून माणूस दगावण्याची भीती फार कमी असते. जेथे सपाटी आहे, तेथे ट्रॅक्टरला पंजा जोडावा. जेथे उतार आहे, तेथे बैलांना घसरगाडी जोडावी. एकाच शेतात दोन्हींना जागा असू शकते.

डोक्यावरचे ओझे उतरविण्यासाठी यंत्र घ्यावयाचे असते. ते घेताना ट्रॅक्टरचे वजन, ओझ्याचे वजन व जमिनीचा उतार या तीन गोष्टी ज्याने आधी मोजल्या, त्याचा पंजा अनेक हंगाम चालेल आणि चालकही संध्याकाळी सुखरूप घरी येईल.